लव्हाळ्याचं शुद्धिपत्र

आत्या, तुझ्या मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, रिकाम्या कुंड्यांच्या मागे, एक बाटली सापडली. वीतभर उंचीची, पांढरी, झाकणाभोवती प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळलेली. मूळ लेबलावर तू कागद चिकटवला होतास आणि त्यावर तुझ्या उभट, शाळामास्तरणीच्या अक्षरात एकच शब्द लिहिला होतास : औषध.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत मी तुझा चष्मा पाहून रडले, खिडकीत वाळत घातलेल्या चहाच्या गाळणीला पाहून रडले, तुझ्या कपाटात माझीच हरवलेली ओढणी मिळाली तेव्हाही रडले. त्या बाटलीपाशी मात्र डोळे कोरडे राहिले. मी शेडच्या पायरीवर बसून तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. 'विष' लिहिलं असतंस ना, तर मी तुला तिथल्या तिथे माफ केलं असतं.

कारण फवारणीसाठी 'औषध' हा शब्द आपल्या घरात बंद होता. आजोबांच्या निफाडच्या द्राक्षबागेत तू लहानाची मोठी झालीस. फवारणीच्या दिवशी घराच्या खिडक्या लावून घ्यायचे, आणि सगळे म्हणायचे, आज बागेला औषध मारतायत. तू सहा-सात वर्षांची असताना आजोबांना विचारलंस, "औषध आहे तर तोंड कशाला बांधता?" हा किस्सा मी तुझ्याकडून इतक्यांदा ऐकला होता, की तो मला माझ्याच बालपणातला वाटायचा. मी सात वर्षांची असताना एकदा म्हणाले, "आत्या, समोरचे देवरे काका औषध मारतायत." तू तव्यावरची पोळी तशीच ठेवून वळलीस. "काय मारतायत?" मी पुन्हा म्हणाले, औषध. "काय मारतायत, मनू?" पोळी करपली, पण मी 'विष' म्हणेपर्यंत तू गॅसकडे पाहिलं नाहीस.

माझी बाराखडी तुझ्या पत्रकांवर झाली. इतर मुलं चित्रांच्या पुस्तकात अक्षरं शोधायची, मी 'नागरिकहो' मधला 'ना' गिरवला. पत्रकाची तिहेरी घडी घालून चमच्याच्या पाठीने ती दाबायची, पन्नास-पन्नासचे गठ्ठे करायचे आणि गंगापूर रोडच्या आपल्या कॉलनीत दारोदार टाकायचे, ही माझी सुट्टी. रस्त्यासाठी तोडलेली झाडं, फुटलेली पाइपलाइन, शाळेच्या कुंपणावरच्या जाहिराती, सगळ्यांवर तू लिहिलंस. खाली सही नेहमी एकच : एक शेजारीण. मी विचारलं होतं, नाव का नाही टाकत? तू म्हणालीस, "नाव टाकलं की लोक नावाशी भांडतात. मला त्यांचं मुद्द्याशी भांडण हवंय." किती ऐटीत मी हे वाक्य पुढे कॉलेजात सांगितलं होतं!

आणि मग ती हिरवळ. त्र्यंबक रोडवरच्या नर्सरीतून तू लॉनचे चौकोनी तुकडे आणलेस, गालिचा अंथरावा तसे अंगणात अंथरलेस, आणि त्यांच्या मातीतून लव्हाळा फुकट आला. पहिल्या उन्हाळ्यात आपल्याला तो गवतच वाटला, जरा जास्त चकचकीत, जरा जास्त उत्साही. लॉन कातरल्यावर तिसऱ्या दिवशी हा इतर गवतापेक्षा बोटभर वर. दुसऱ्या उन्हाळ्यात अर्धी हिरवळ त्याची. नुसती आपलीच नाही, सगळ्या कॉलनीची तीच गत. देवरे काकांनी पाठीवर पंप चढवला, आणि तू पेन उचललंस.

त्या पत्रकाची दुपार मला लख्ख आठवते. ओट्याशी जनाबाई चहा गाळत होती. जनाबाई पेठकडची, तेव्हा आपल्याकडे बागकामाला येऊन चार वर्षं झालेली. पत्रकाच्या डोक्यावर तू टाकलेलं वाक्य होतं, 'खणून काढा, फवारू नका'. मी एकोणीस वर्षांची, नुकतीच दोन मोर्चे पाहून आलेली. मी म्हणाले, "खणून काढा म्हणजे काय विहीर आहे का? जोर नाही त्यात. उपटा! उपटा, फवारू नका!" तू ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलंस. टेबलावर मूठ आपटलीस आणि हसलीस. "घोषणा झाली की गं ही!"

जनाबाई कप ठेवता ठेवता म्हणाली, "उपटून नाय जात ते, बाई."

आपण दोघी हसलो. आठवतंय? "जनाबाई, तू आमच्या घोषणेला कात्री नको लावूस," असं मी म्हणाले आणि तू मला टाळी दिलीस. एका बाईने आपल्याला खरं सांगितलं आणि आपण तिला टाळी वाजवून गप्प केलं.

लव्हाळा उपटला की वरचं पातं हातात येतं. खाली, वीतभर खोल, सुपारीपेक्षा लहान काळपट गाठ राहते. पातं गेलं की ती गाठ जागी होते, शेजारच्या गाठींना जागं करते, आणि एकाच्या जागी दोन-तीन कोंब येतात. हे मला आज माहीत आहे. तुला कधी कळलं? आपल्या पत्रकावर विश्वास ठेवून अख्ख्या कॉलनीने उपटायला घेतलं होतं. रविवारी सकाळी बायका-पुरुष लॉनवर उकिडवे बसलेले पाहून आपण गच्चीतून एकमेकींकडे पाहिलं होतं, जणू राज्य आलं. पुढच्या वैशाखात सगळ्यांच्या अंगणात तो दुप्पट होता. तुझ्या अंगणात सगळ्यांत जास्त, कारण सगळ्यांत निष्ठेने उपटलं होतं ते तुझ्याकडे. म्हणजे जनाबाईने. तीन उन्हाळे ती आपल्या घोषणेसाठी त्या उन्हात गुडघ्यावर सरकत राहिली.

आणि चौथ्या उन्हाळ्यात तुझी हिरवळ एकदम स्वच्छ झाली. एकही लव्हाळा नाही. लोक पाहायला आले. तू फाटकावर पाटी लावलीस : 'या हिरवळीत विष नाही. मुलांनी खुशाल लोळावं.' तिच्याशेजारी उभं राहून मी तुझा फोटो काढला. तू फोटोत हसत नव्हतीस. मला वाटलं, ऊन डोळ्यांवर आहे.

बाटली घेऊन मी आधी जनाबाईकडे गेले. ती मागच्या नळावर हातपाय धूत होती. तिने बाटली पाहिली आणि नळ बंद केला.

"सापडली व्हय."

"तुला माहीत होतं?"

"मीच तर म्हनले बाईंना, गुडघे गेले माझे, आता मारा काय मारायचं ते. खणायचं तर एकटीनं एवढं कधी खणून व्हायाचं? चार दिस मग मला येऊ नको म्हनायच्या. पहाटंच मारायच्या, कुनी उठायच्या आत."

"आणि पाटी?"

"पाटी उलटी करायच्या ना. मारलं का उलटी, आठ दिसांनी सुलटी. वार्‍यानं फिरली म्हनायचं कुनी इचारलं तर." मग माझं तोंड पाहून ती घाईने म्हणाली, "ताई, लय वंगाळ वाटायचं त्यांना. त्या दिशी जेवायच्या नाय."

आत्या, ती पाटी मी एकदा सुलटी केली होती.

दोन वर्षांपूर्वीचा मे. मी सकाळी पुण्याहून आले, फाटकाशी पाटी उलटी लटकलेली दिसली, वार्‍याने फिरली असेल म्हणून सरळ केली आणि आत जाऊन आंघोळीला गेले. बाहेर आले तर शेजारच्या दोघी लहान बहिणी आणि कोपऱ्यावरची तिसरी, तिघी जणी हिरवळीवर लोळत होत्या, पाटीत लिहिलं होतं तशा, अगदी खुशाल. आणि तू स्वयंपाकघरातून हातात लाटणं घेऊन धावत आलीस. "उठा! उठा आधी! कुणी सांगितलं इथे यायला?" तुला मुलांवर ओरडताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. धाकटी रडायला लागली. तू तिला नळाखाली धरून हातपाय चोळचोळून धुतलेस, साबण लावून, दोनदा. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "पाणी सोडायचंय लॉनला. चिखल होईल."

तिघींनाही काही झालं नाही. माझा राग तरी कमी होत नाही. तू ती वेळ 'पाणी सोडायचंय'वर भागवून नेलीस. त्या सकाळी मला नळाशी बोलावून एवढंच म्हणायचं होतं, मनू, मी फवारलंय. मी भांडले असते. आठ दिवस बोलले नसते. पण ती पाटी आपण दोघींनी मिळून काढली असती. त्याऐवजी तू ती संध्याकाळी पुन्हा उलटी केलीस आणि रात्री जेवताना मला म्हणालीस, "वारा फार सुटलाय हल्ली." मी म्हणाले, हो ना. तुझ्या खोट्याला मान डोलावणारी पहिली मीच.

मग देवरे काका.

त्यांच्याबद्दल तुला माहीत होतं ते सगळं मला आता माहीत झालं आहे. फवारलं की ते फाटकाला लाल फडकं बांधायचे. दर वेळी. आजूबाजूच्या घरांची बेल वाजवून सांगायचे, "आज मारलंय हो, मुलांना सोडू नका." आणि मी, तुझी भाची, तुझ्या पत्रकांवर वाढलेली, मी त्यांच्यावर पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'विषवाले देवरे'. तुला दाखवायला आणलं. तू लाल पेनाने माझा एक स्वल्पविराम हलवलास, एक ऱ्हस्व दीर्घ केलास, आणि मथळ्यावर पेनाचं टोक ठेवून थांबलीस.

"हा शब्द जरा..."

"काय जरा?"

"काही नाही. राहू दे."

राहू दे! शेडमध्ये बाटली होती आणि तू म्हणालीस, राहू दे. कॉलनीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून ते वाचलं. लोक टाळ्या वाजवत होते. तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर होतीस.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेले. ते पाइप धरून तगरीला पाणी घालत होते.

"या संपादक," ते म्हणाले. त्या मीटिंगपासून ते मला हेच म्हणतात.

"काका, ही बाटली ओळखता?"

त्यांनी पाइप आळ्यात सोडून दिला. "आत ये. चहा घे."

"चहा नको."

"मग उभ्यानेच ऐक. मीच आणून द्यायचो. दुकानात तुझी आत्या कशी जाणार? अख्खं नाशिक ओळखतं तिला. मला म्हणाली, देवरे, कुठे बोललात तर पत्रक काढीन तुमच्यावर." ते थोडं हसले. "पुढे निघालंच की ते."

"तुम्ही मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? ती होती ना तिथे. मी तिच्याकडेच बघत होतो. म्हटलं, आता उठेल, मग उठेल." त्यांनी पायातली चप्पल जमिनीवर घासली. "ती चपलेकडे बघत बसली."

मग ते म्हणाले, "दोन महिने मी तुमच्याकडे आलो नाही. मग एक दिवस तीच आली, लिंबाचं लोणचं घेऊन. म्हणाली, तुमच्या फाटकावरचं लाल फडकं माझ्या पत्रकापेक्षा खरं आहे, देवरे. मी म्हटलं, मग तसं छापा बाई. तर म्हणाली, मनूला वाईट वाटेल. 'उपटा' हा तिचा शब्द आहे."

आत्या, हे तू करायला नको होतंस. बाटली एक वेळ समजते. जनाबाईचे गुडघे मला समजतात, तू स्वतः पहाटे पंप घेऊन वाकलीस तेही समजतं, त्या दिवशी जेवली नाहीस तेही. पण तू मला तुझ्या भीतीचं निमित्त केलंस. मला वाईट वाटेल म्हणून तू मला खोटं बोलायला उभं केलंस, भर सभेत, एका सरळ माणसाच्या विरोधात. मला वाईट वाटलं असतं तर वाटलं असतं! वाईट वाटून घेण्यासाठीच तर तू मला वाढवलंस. तोडलेल्या झाडासाठी, फुटलेल्या पाइपसाठी, सगळ्या शहरासाठी वाईट वाटून घ्यायला शिकवलंस, आणि माझ्या एका शब्दासाठी मला वाईट वाटणं तुला सोसवलं नाही.

आणि तरी मी इथे तुझ्याच टेबलाशी बसले आहे, तुझ्याच पेनाने लिहिते आहे. हा राग कुठून आणला मी? तुझ्याकडूनच. 'औषध' या शब्दावर पोळी करपू देणारी बाई नसती, तर ती बाटली मी कचऱ्यात टाकून हात धुतले असते. तुझ्यावर रागावण्याची भाषासुद्धा तुझीच आहे. याचे उपकार मानू की याच्यावर चिडू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. माझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा त्यात अकरा चुका निघाल्या आणि मी त्याला शुद्धिपत्र जोडलं. तू ते पाहून खूप हसलीस. "पुस्तकाला परवडतं बाई. पत्रकाला शुद्धिपत्र नसतं. पत्रक वाचून माणूस कामाला लागलेला असतो, त्याला परत कोण बोलावणार?" मी म्हणाले, चुकीच्या कामाला लागला असेल तर बोलवायलाच हवं. तू विषय बदललास. तेव्हा मला वाटलं, मी जिंकले.

दवाखान्यात, शेवटच्या दुपारी, तू मास्क बाजूला करून विचारलंस, "मनू, ते शुद्धिपत्र तू कुठे लावलं होतंस गं? पुढे की मागे?" मला वाटलं, तुला भ्रम होतोय. मी म्हणाले, "मागे." तू म्हणालीस, "मागे कोण वाचतं?" मी तुला चमच्याने पाणी पाजलं आणि झोप म्हणाले. तू विचारत होतीस की सांगत होतीस, हे मला आता कोण सांगणार? सांगायचंच होतं तर नीट सांगायचंस, आत्या. अर्धं वाक्य माझ्या ओंजळीत टाकून गेलीस.

रविवारी कॉलनीने तुझी शोकसभा ठेवली आहे, तुझ्याच हिरवळीवर. एक पत्रक मी काढावं असा सगळ्यांचा आग्रह आहे. पाटीशेजारचा तो फोटो, आणि खाली ठळक अक्षरात 'उपटा, फवारू नका'. "तेवढं वाक्य पाहिजेच हं," असं तिघांनी तरी मला सांगितलं. सगळ्यांना ती घोषणा पाठ आहे. अजूनही उपटतायत बिचारे.

हिरवळीत लव्हाळा पुन्हा वर आलाय. या वर्षी तुझ्याकडून फवारणं झालं नाही ना. काल सकाळी मी खुरपं घेऊन खाली बसले, आयुष्यात पहिल्यांदा. जनाबाई शेजारी पाटावर बसून सांगत होती.

"पात्याचं बूड बोटात फिरवा. तीन धारा लागल्या का?"

"लागल्या."

"मग तोच. आता त्याला वढू नका. बाजूनं खणा. वल्या मातीत खणायचं, कोरड्यात दोरा तुटतो."

मी बाजूने खणलं. माती सैल झाली तसा पात्याच्या बुडातून एक बारीक तपकिरी दोरा खाली जाताना दिसला. त्याच्या टोकाला गाठ. गाठीतून पुढे दुसरा दोरा, दुसरी गाठ. मी त्या माळेमागे वीतभर गेले. तासाभरात हातभर जागा झाली. गाठी फरशीवर उन्हात पसरून ठेवल्या. जनाबाई म्हणाली, कडक उन्हात सुकल्या की मरतात, मातीत राहिली एक जरी तरी परत सुरू. गवत फार खाली कातरू नका, दाट ऱ्हाऊ द्या, सावलीत तो दमतो. हे सगळं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिला म्हणाले, "जनाबाई, तेव्हा ओरडून का नाही सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "तुमी टाळी दिली."

आज पत्रक छापायला देऊन आले. फोटो टाकला नाही. तुझी सहीही टाकली नाही. 'एक शेजारीण' या नावाआड आता आपण दोघींनी लपायचं नाही. खाली तुझं पूर्ण नाव आहे, त्याखाली माझं. रविवारी वाटण्याआधी पहिली प्रत मी समोर देवरे काकांच्या हातात देणार आहे. ते मला पुन्हा संपादक म्हणतील, आणि मी उभ्याने ऐकेन. पाटीही काढून ठेवली आहे. मजकूर एवढाच आहे :

'उपटा' असे छापले होते, तेथे 'खणा' असे वाचावे. चूक भाचीची. जनाबाईंनी त्याच दिवशी सांगितली होती, आम्ही ऐकली नाही.

'या हिरवळीत विष नाही' हे वाक्य खोटे होते. ते कोणीही खरे धरू नये.

'विषवाले देवरे' असे छापले होते, तेथे 'देवरे काका' असे वाचावे. त्यांच्या फाटकावर लाल फडके होते. आमच्या फाटकावर नव्हते.

बाटलीवर 'औषध' असे लिहिले होते, तेथे 'विष' असे वाचावे.

छापखान्यातल्या माणसाने कागद उलटसुलट करून पाहिला. "ताई, हे शुद्धिपत्र दिसतंय. मूळ मजकूर कुठाय? हे मागे लावायचं ना?"

नाही म्हणाले, आत्या. हेच पुढे.